सरूच्या रांगेतला घास

भाऊजी,

उद्या तुमचा तेरावा. मांडववाला दुपारी खुर्च्या टाकून गेला, आचारी किती पानं धरायची ते विचारून गेला, आणि सकाळपासून जो कोणी ओटीवर टेकतो तो मला सांगतो की दत्तूभाऊ लई साधा माणूस होता. साधे तुम्ही कधीच नव्हतात. तुम्ही हट्टी होतात. शहाणपण शिकवायची तुम्हाला खोड होती. दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून त्याच्या रानातल्या चुका मोठ्यानं काढणारा माणूस साधा कसा असेल? गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण मी तुमची वहिनी, तीस वर्षांहून जास्त तुमच्याशी भांडत आले. आता अचानक गोड बोलायला लागले तर तुम्हालाच खोटं वाटेल.

दहाव्याला नदीवर माईक लावला होता. आपल्याकडे आता माईकशिवाय कुणी जातच नाही. तीन पुढारी बोलले. त्यातल्या दोघांनी तुम्हाला कधी पाहिलंही नसेल. त्यांनी तुम्हाला कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ करून टाकलं आणि गाडीत बसून पुढच्या दहाव्याला गेले. तिसऱ्यानं मात्र माहिती काढून आणली होती. "दत्तात्रयरावांनी पुण्याहून येऊन आपल्या डिंगोरे गावात सरूच्या झाडांचा प्रयोग केला. त्यात त्यांना अपयश आलं, पण ते खचले नाहीत." लोकांनी माना हलवल्या. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. एका वाक्यात दोन खोट्या गोष्टी, आणि दोन्ही खोट्या आहेत हे तिथं फक्त मला माहीत होतं. तुम्ही खचला होतात. आणि ते अपयश तुमचं नव्हतं.

मग पिंड ठेवला. कावळा शिवेना. जो तो पुढे होऊन तुम्हाला शब्द द्यायला लागला. तुमचे दादा हात जोडून म्हणाले, "दत्तू, तुझ्या लेकीचं, मनीषाचं माहेर तुटू देनार न्हाई." कुणीतरी तंबाखूची पुडी आणून पिंडाजवळ ठेवली. तुम्ही जन्मात तंबाखूला हात लावला नाहीत, पण तो बिचारा दुसऱ्या कुणाच्या सवयी तुमच्या नावावर घालत असावा. तुमचा जीव कशात अडकला असेल ते मला ठाऊक होतं. मी दोन पावलं पुढं गेले. तोंड उघडलं आणि तेवढ्यात कावळा आला, शिवला, उडून गेला. सगळे म्हणाले, "सुटला, सुटला." मी दोन पावलं मागे आले. खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्या कावळ्याचा राग नंतर आला.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही दहावीला होतात. पहिल्याच आठवड्यात मी अंगणात लावलेला कढीपत्ता तुम्ही उपटून दुसरीकडे लावलात आणि वर मलाच म्हणालात, "वैनी, भिंतीच्या सावलीत लावत्यात व्हय?" तेव्हापासून आपलं भांडण सुरू. पण अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली तेव्हा जुन्नरला पंचायत समितीत जाऊन माझा फॉर्म तुम्ही आणलात, तुम्हीच भरलात, आणि तुमच्या दादांना म्हणालात, "वैनी शिकलेली हाय, चुलीपुढं सडवू नका तिला." त्या एका फॉर्मवर मी जन्मभर माझी स्वतःची माणूस म्हणून जगले. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही आणखी शेफारला असतात.

मग तुम्ही पुण्याला एका नर्सरीत माळी म्हणून गेलात आणि बावीस वर्षं तिथंच राहिलात. दिवाळीला लोकांचे दीर फराळाचे पुडे, साड्या घेऊन यायचे. तुम्ही पिशवीत रोप घेऊन यायचात. जेवायला बसताना हात धुवायला विसरायचात, पण रोपाला हात लावण्याआधी साबणानं धुवायचात. घरात सगळे हसायचे. मनीषाची आई गेल्यावर तर तुम्ही माणसांपेक्षा झाडांशीच जास्त बोलायला लागलात, आणि माणसांशी बोललात तर झाडांबद्दलच.

ती नर्सरीची जागा बांधकामासाठी गेली आणि तुमची नोकरी संपत आली. पन्नाशी ओलांडलेल्या माळ्याला दुसरं कोण ठेवणार? पण तुम्ही रडला नाहीत. आषाढात एका टेम्पोत सरूची ऐंशी रोपं घालून गावी आलात. गुडघ्याएवढी, काळपट हिरवी, टोकदार. विहिरीखालचा तुकडा तुमच्या वाट्याचा, तो आम्ही कसत होतो. तुम्ही म्हणालात, ही झाडं खांद्याएवढी सरळ वाढवली की घाटाकडच्या फार्महाऊसवाल्यांना आणि पुण्याच्या बागवाल्यांना हवीच असतात. लोक ती लांबून मागवतात, आपण इथंच करू.

रोपं बघायला अर्धं गाव आलं. कुणी विचारलं फळ कधी लागतं. कुणी म्हणालं हे तर नाताळाचं झाड, दत्तूभाऊनं धर्म बदलला काय. भावकीतल्या आप्पांनी तर सरळ निकालच दिला, "ना फळ, ना फूल, ना सावली. हे झाड हाय का सरकारी सायब?" तुम्ही दोरी लावून रांगा आखल्यात. खड्डे मोजून घेतलेत, पाऊस धरून रोपं लावलीत, आणि शेवटचं रोप झाल्यावर मला रानात बोलावलंत.

"वैनी, हे बगा." रोपाशेजारी उकिडवं बसून तुम्ही कोपर जमिनीला टेकवलात आणि हात गोल फिरवलात. "एवढं रान त्याचं. ह्यात गवताची काडी नको. पानी बेतानं. आन् पयलं वरीस खत नको."

"खताशिवाय कुटं काय वाढतं व्हय, भाऊजी? कांद्याला युरिया नाय टाकला तर लसणीएवढा ऱ्हातोय."

"ह्यो कांदा न्हाई. कांदा चार महिन्यांचा पावना. ह्याला आदी मुळं खाली न्यायची आसत्यात. आत्ता खत टाकलं तर भवतालचं तण आदी खानार, माजनार आन् ह्याच्या उरावर बसनार. तुमच्या अंगणवाडीत दुबळ्या पोराच्या ताटाशेजारी दांडगं पोर बसवलं तर तुमी खिचडी कितीबी वाढा, खानार कोन?"

"मग काय उपाशी ठेवायचं त्याला?"

"उपाशी ठेवा, पन एकटं ठेवा."

मला राग आला. दाखला द्यायचा तर तो माझ्याच अंगणवाडीचा, आणि तोही मलाच. या मातीत मी तीस वर्षं खुरपं चालवलं होतं. तुम्ही दिवाळी आणि जत्रेला येणारे. पण मी हो म्हणाले. पुण्याच्या मालकानं तुम्हाला नर्सरी हलवेपर्यंत, होळीपर्यंत, थांबायला सांगितलं होतं. जाताना तुम्ही ऐंशी रोपं माझ्या हवाली केलीत. तुमच्या दादांच्या नाही, माझ्या.

पावसाळाभर मी शब्द पाळला, हे तेवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते. दोनदा स्वतः खुरपलं. भाद्रपदात सगळीकडे रान उफाळून आलं होतं, तरी तुमची रोपं मोकळी उभी होती आणि बोटभर नवी वाढ आली होती. कोवळी, पोपटी. मीच एकदा कौतुकानं हात फिरवला होता.

दसऱ्याला गाय गाभण होती. हिरवा चारा विकत आणत होतो. आणि ते रान विहिरीखाली, पाणी पायाशी, दोन रांगांमध्ये पाच-पाच फूट जमीन नुसती ऊन खात पडलेली. भाऊजी, तुम्ही पुण्यात राहिलात, तुम्हाला हे कळणार नाही. आपल्याकडे पाण्याखालचं रान मोकळं ठेवणाऱ्या बाईला लोक आळशी म्हणत नाहीत, त्याहून वाईट म्हणतात. इथं बांधावरसुद्धा मेथी टाकतात. येणारीजाणारी बाई मला विचारायची, "का गं, रान मोकळं ठिवलंया? कुनी आजारी हाय का घरात?" मी महिनाभर ते ऐकलं आणि एका सकाळी गाईसाठी लसूणघासाचं बी फेकलं. मधल्या पट्ट्यातच टाकणार होते. रोपाभोवतीचा हातभर घेर सोडणार होते. पण बी टाकताना हात असा मोजून पडतो का? आणि पडला तरी घास काय रेघ बघून उगवतो?

घास असा आला की बघत राहावं. दर आठ दिवसांनी त्याला पाट सोडावा लागायचा, म्हणजे तुमच्या रोपांचे पायही सतत ओले. दीड महिन्यात घास रोपांच्या वर गेला. तुम्ही दर रविवारी फोन करायचात. "वैनी, रोपांच्या बुडाभवती मोकळं हाय ना?" आणि मी म्हणायची, "आरशावानी हाय. तुमी काळजी करू नका." पहिल्यांदा जीभ अडखळली. दुसऱ्या रविवारी नाही अडखळली.

संक्रांतीच्या सुमारास रोपं पिवळट दिसायला लागली. तेव्हा मी काय करावं? घास काढावा, एवढं सोपं होतं. पण गाय व्यायली होती, दुधाला लागली होती. मग मी कांदा पिकवणाऱ्या बाईनं जे करायचं तेच केलं. पीक पिवळं पडलं की युरिया, हे आम्हाला पाळण्यातच शिकवलेलं असतं. प्रत्येक रोपाच्या बुडाशी मूठ मूठ टाकला आणि पाणी सोडलं. आठ दिवसांत घासात लपलेली हराळी काळीभोर झाली, कमरेला लागेल असं गवत माजलं. आणि रोपं आतून तपकिरी व्हायला लागली. तुम्ही जे बोलला होतात ते माझ्या डोळ्यांपुढं अक्षरशः उगवत होतं, आणि मी त्याला पाणी देत होते.

घास कापताना विळ्याखाली शेंडेही गेले. रोप दिसायचंच नाही. हाताला काहीतरी टणक लागलं की कळायचं, आणि तोवर तुकडा पेंढीत आलेला असायचा. पहिला शेंडा कापला गेला तेव्हा मी मटकन खाली बसले. नंतरच्यांना बसले नाही.

होळीच्या आधी आठ दिवस तुमचा फोन आला, येतोय म्हणून. मी शेजाऱ्याकडून पॉवर टिलर मागवला, घास उपटला, रान उलटंपालटं करून साफ केलं. मेलेली रोपं तशीच ठेवली. काढली असती तर जास्त वाईट दिसलं असतं. तुम्ही आलात, चहा न घेता रानात गेलात. मी मागून आले. चकचकीत मोकळं रान, आणि त्यात रांगेनं उभी वाळलेली झाडं. तुम्ही एक रोप उपटलंत, मुळांची माती झटकलीत, वास घेतलात. मग दुसऱ्या रोपाच्या तुटक्या शेंड्यावरून अंगठा फिरवलात.

"वैनी, शेंडा कशानं तुटला?"

"शेळ्या शिरल्या व्हत्या एकदा."

"आसंल," म्हणालात तुम्ही.

हे "आसंल" मला दोन वर्षं झोपू देत नाही. शेळीनं ओढलेला शेंडा आणि विळ्यानं तिरका कापलेला शेंडा यातला फरक बावीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला कळत नाही? पंधरा दिवसांनी पहिलं पाणी दिलं तेव्हा राहिलेल्या मुळांतून घास परत फुटला. जागोजागी, तीन तीन पानांचा. तुम्ही खुरपं घेऊन गेलात आणि तो काढून टाकलात. मला एका शब्दानं विचारलं नाहीत. कळलं होतं ना तुम्हाला? कळलं असेल तर माझ्या तोंडावर का बोलला नाहीत? कढीपत्त्यावरून भांडणारे तुम्ही, ऐंशी झाडांवरून गप्प कसे बसलात? मोठेपणा केलात का? मला तुमचा मोठेपणा नको होता, भाऊजी. मला तुम्ही चार शिव्या हासडल्या असत्यात तर मी उलट बोलले असते, दोन दिवस चूल वेगळी मांडली असती आणि तिसऱ्या दिवशी सगळं कबूल केलं असतं. तुम्ही मला ती वाटच ठेवली नाहीत. आणि कळलंच नसेल, तर मग तुम्ही खरंच स्वतःला मूर्ख समजून गेलात. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मी ठरवू शकत नाही.

चैत्रात जत्रा झाली. अंगणात भावकीच्या पंगती बसल्या होत्या आणि मी रस्सा वाढत होते. आप्पांना राहवलं नाही. "काय दत्तू, तुजी पुन्याची झाडं कुटं गेली रं?" सगळी पंगत हसायच्या तयारीत होती. मला वाटलं आता तुम्ही बोलाल, हात नाचवून, सगळ्यांना शहाणपण शिकवत. तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "माझं चुकलं, आप्पा. हे रान मला कळलं न्हाई. वैनी म्हनत व्हती खत घाला, खत घाला. तिचंच बरोबर व्हतं." पंगत हसली. आप्पा मला म्हणाले, "बग सुमन, शेवटी घरचीच मान्सं शानी." मी रस्सा वाढत पुढच्या पानावर गेले.

त्या दिवसापासून तुम्ही कुणाच्या बांधावर उभे राहिला नाहीत. माझा नवा लिंबू मी मुद्दाम भिंतीच्या सावलीत लावला, तुम्ही बोलावं म्हणून. तुम्ही त्याच्या शेजारून दोन महिने जा-ये केलीत. पाऊस संपल्यावर एक दिवस पिशवी भरलीत आणि मंचरला हायवेच्या कडेच्या एका कांद्याच्या गोदामावर वॉचमन म्हणून गेलात. तुमच्या दादांनी अडवलं. मी चहा केला. अडवायचं बळ माझ्यात होतं, एक वाक्य पुरलं असतं, पण मी चहा केला.

गेल्या वर्षी मी बियाण्याचा कांदा आणायला मंचरला गेले तेव्हा तुम्हाला भेटले. धुरळ्यात, ट्रकांच्या हॉर्नमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होतात. अंगात दोन मापांनी मोठा निळा शर्ट. गेटाच्या आत मालकानं शोभेची पामची झाडं लावली होती आणि ती सगळी टोकाकडून करपत चालली होती. एक पोरगा पाइपनं त्यांच्या पानांवर भर उन्हात पाणी मारत होता. मी वाट बघत होते की तुम्ही आता ओरडाल. शेवटी मीच म्हणाले, "भाऊजी, सांगा की त्याला, आसं पानी मारत्यात का?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. टोमणा नव्हता त्यात, खरंच नव्हता, असता तर मी सुटले असते. म्हणालात, "मला काय कळतंय, वैनी?"

मी एसटीत बसून घरी येईपर्यंत रडले आणि घरी आल्यावर तुमच्या दादांना सांगितलं की भाऊजी मजेत आहेत.

त्याच खुर्चीवर तुम्ही गेलात. सकाळी बदलीचा माणूस आला तर तुम्ही मान खाली घालून बसलेले. त्याला वाटलं डुलकी लागली. छातीत दुखत होतं म्हणे आठ दिवस. कुणाला बोलला नाहीत. बोलायचं तुम्ही आधीच सोडलं होतं.

काल मनीषा मागच्या दारी माझ्याजवळ येऊन बसली. मी वांगी चिरत होते. तिनंही दोन वांग्यांचे देठ काढले. मग म्हणाली, "काकू, एक इचारू? नदीवर ते माईकवर बोलले ना, तवा माझ्या सासरची मान्सं माझ्याकडं बगत व्हती. मी लग्न झाल्यापासनं त्यांना सांगतीय, माझे पप्पा झाडांचे डॉक्टर हायेत. पप्पांना खरंच झाडातलं कळत न्हवतं का?"

तुमचा चेहरा आहे तिला. मी सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. घास, युरिया, विळा, टिलर, शेळ्या, सगळं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मग त्यांना का न्हाई सांगितलं?"

मी माझी ठेवणीतली उत्तरं काढायला लागले. गाय दुधावर होती. तुझे काका भडकले असते. योग्य वेळ येईल असं वाटत होतं.

"काकू, दोन वर्सं व्हती तुमच्याकडं."

आणि मग माझ्या तोंडून ते निघालं, जे मी स्वतःशीसुद्धा कधी बोलले नव्हते. "मला बरं वाटलं व्हतं गं. तुझा बाप भर पंगतीत म्हनला, वैनीचंच बरोबर व्हतं, तवा मला लई बरं वाटलं व्हतं. ह्या घरात येऊन माझी जिंदगी गेली, माझं बरोबर हाय आसं चारचौघांत कुनी म्हनलं न्हवतं. ते मला सोडवेना."

असं आहे हे, भाऊजी. मी भिऊन गप्प बसले नव्हते. तुमच्या दोन वर्षांच्या बदल्यात मी एक कौतुकाचा शब्द जपून ठेवला होता, आणि तोही खोटा. मला चुलीपुढून उठवणारे तुम्ही, आणि तुम्हाला त्या खुर्चीवर बसवणारी मी.

मनीषा रडली नाही. तिनं माझा हातही धरला नाही, आणि ते योग्यच केलं. उठताना म्हणाली, "हे सगळं लिहून द्या. तेराव्याला मी वाचनार. जेवनाच्या आदी, सगळी भावकी बसलेली आसताना."

"मनीषा, अगं, तुझ्या काकांना आदी..."

"तुमी तोंडानं सांगनार न्हाई, काकू. मला म्हायती हाय. लिहून द्या."

म्हणून लिहायला बसले. तुमचे दादा बाहेर मांडवाच्या दोऱ्या ओढून बघतायत, त्यांना अजून काही माहीत नाही. उद्या सगळ्यांबरोबरच कळेल. नंतर ते माझ्याशी किती दिवस बोलणार नाहीत, कोण जाणे. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. उठून आत जाणार नाही, एवढं तुम्हाला कबूल करते.

तुमच्याशी बोलायचं ते बोलून झालं. पुढचं तुमच्यासाठी नाही, भावकीसाठी आहे. मनीषा, इथं जरा थांब, पाणी पी, आणि आता मोठ्यानं वाच, शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं पाहिजे.

आप्पा, तुम्हीही ऐका. सगळे ऐका. दत्तूभाऊंनी सांगितलेलं मी केलं नाही. त्यांच्या झाडांत घास मी पेरला. युरिया मी टाकला. शेंडे माझ्या विळ्यानं कापले गेले. तुम्ही त्यांना हसलात, तेव्हा मी तुमच्या पानात वाढत होते आणि गप्प होते. त्यांचं बरोबर होतं.